जिन्यातला मेळावा

माझे सासरे सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी जव्हारला लॉज बांधला. खाली आमचं घर, वर आठ खोल्या, त्यावर गच्ची आणि गच्चीवर पत्र्याची शेड. लॉजचा जिना आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून वर जायचा आणि त्या भिंतीत एक दार होतं. दाराला दोन्ही बाजूंनी कडी होती. चहाचा ट्रे, जेवणाची ताटं, धुतलेल्या चादरी त्या दारातून बाहेर जायच्या. उष्टी भांडी आणि मळक्या चादरी आत यायच्या. वर काम करायला एक वयस्कर गडी होता. तो दार वाजवायचा, मी कडी काढून सामान उंबऱ्यावर ठेवायची आणि चुलीकडे वळायची. मी वळल्यावर तो ते उचलायचा.

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "हे बघ, लॉज म्हटलं की लोक शंभर गोष्टी बोलतात. आपल्या लॉजबद्दल कोणी बोलत नाही, कारण घरातली बाई गिऱ्हाइकाच्या नजरेला पडत नाही. तुझ्या सासूने हे पाळलंय. तूही पाळ."

ते रागावून बोलले नव्हते. एखाद्याला नळाची वेळ सांगावी तसं सांगितलं. मी मान हलवली. तेव्हा मला वाटलं, यात काय अवघड आहे?

पुढच्या ओसरीवर सासऱ्यांचं टेबल होतं, तिथेच गिऱ्हाइकांची ये-जा. त्यामुळे पुढच्या दाराने बाहेर पडायचं तर लॉज रिकामा असेल तेव्हाच. बाजार सासूबाई करायच्या. मागच्या अंगणात विहीर, कपडे वाळत घालायच्या तारा आणि उंच कुंपण. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लग्न झालं तेव्हापासून माझा दिवस त्या अंगणात आणि स्वयंपाकघरात सुरू होऊन तिथेच संपायचा. साखरशेत, माझं माहेर, त्याच तालुक्यात. पण दिवाळीला आणि पेरणी आटोपल्यावर एकदा, एवढंच जाणं व्हायचं.

गिऱ्हाइकं मला पावलांवरून कळायची. औषधं विकणारे भरभर चढायचे. तपासणीला आलेले साहेब मध्येच थांबून दम घ्यायचे. खोडाळ्याकडे नाहीतर जामसरला नवीन नेमणूक झालेले मास्तर खोली मिळेपर्यंत आठवडा-आठवडा राहायचे आणि रोज हळूहळू चढायचे, वर जायची इच्छा नसल्यासारखे. कोणाचा खोकला, कोणाचं गुणगुणणं, कोणाची चादर किती मळते, सगळं मला ठाऊक. चेहरा मात्र एकाचाही पाहिलेला नव्हता.

आता रेडिओबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

साखरशेतला आमच्या घरी रेडिओ होता. वडिलांनी भात विकून आणलेला. आम्ही घरात जी बोली बोलायचो ती पुस्तकातल्या मराठीपेक्षा फार वेगळी, त्यामुळे शाळेत पहिली काही वर्षं मी गप्पच बसायची. शुद्ध मराठी मी रेडिओवरून शिकले, आणि हिंदीही. आठवी-नववीत असताना मी फर्माइशी पाठवायला लागले. पोस्टकार्डावर गाण्याचं नाव लिहायचं, खाली आपलं नाव, गाव, तालुका जव्हार, जिल्हा ठाणे. भाऊ जव्हारला जाताना कार्ड टाकायचा. महिन्या-दीड महिन्यांनी निवेदक नाव वाचायचा. हिंदीवाला निवेदक साखरशेतचं 'सकरशेत' करायचा, तरी शेजारपाजारचे धावत यायचे. "आला गं तुझा नाव!"

ज्यांची नावं अशी वाचली जातात ते श्रोते देशभर असतात. रोज ऐकून ऐकून ती नावं पाठ होतात. मनमाडचे एक गृहस्थ आणि त्यांच्या तिन्ही मुली. अकोल्याचे दोन भाऊ, ते नेहमी दुःखी गाणी मागायचे. भुसावळच्या एक नर्सबाई. नाशिकचे एक जण, ज्यांचं नाव आठवड्यातून दोनदा तरी यायचंच. यातलं कोणी मला भेटलेलं नव्हतं आणि तरी एखाद्याचं नाव बरेच दिवस आलं नाही की मी काळजी करायची.

लग्न झालं आणि हे थांबलं. आमच्या लोकांत सुनेचं नाव बदलायची रीत नव्हती, पण सासरे नोकरीत बाहेरगावी राहिलेले, त्यांनी ती उचलली होती. ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं आणि मी दुसरी कोणी झाले. एकदा मी नवऱ्याला कार्ड आणायला सांगितलं. नवऱ्याने ते वडिलांना सांगितलं. सासरे म्हणाले, "घरच्या सुनेचं नाव जगभर ओरडून घ्यायचं काय कारण?" विषय संपला. रेडिओ स्वयंपाकघरात होता. सासूबाई बातम्या, भजनं आणि पावसाचा अंदाज ऐकायच्या. फर्माइशी लागल्या तर बंद करायच्या नाहीत, एवढं खरं.

लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील. आषाढात एक गृहस्थ ओसरीवर आले. मी माजघरात तांदूळ निवडत होते, मध्ये पडदा. त्यांचा आवाज खर्जातला, पाण्याच्या टाकीत बोलल्यासारखा.

"साहेब, आम्हाला श्रावणात दोन दिवसांसाठी तुमच्या सगळ्या खोल्या हव्यात. श्रोता मेळावा आहे."

"कसले श्रोते? कीर्तन आहे का?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही नाही. रेडिओचे श्रोते."

"म्हणजे रेडिओवाले येणार? भाषणं करणार?"

"रेडिओवालं कोणी येणार नाही. आम्ही फक्त ऐकणारे. वर्षातून एकदा सगळे एकत्र जमतो."

सासरे म्हणाले, "ऐकणारे जमून काय करतात?"

"ऐकतात," ते गृहस्थ म्हणाले आणि मोठ्याने हसले. "गप्पा मारतात, गाणी म्हणतात. गेल्या वर्षी मनमाडला झाला. या वेळी म्हटलं, पावसात जव्हारसारखं ठिकाण नाही."

सासऱ्यांनी खोदून खोदून चौकशी केली. दारू वगैरे? नाही. बायका? आहेत, पण नवऱ्यांबरोबर, वडिलांबरोबर, दोघी-तिघी वयस्कर एकट्या. माणसं किती? चाळीसेक. आठ खोल्यांत चाळीस कशी मावणार? गाद्या घालून. त्या गृहस्थांनी आपलं नाव आणि गाव सांगितलं तेव्हा मी सूप खाली ठेवलं. आठवड्यातून दोनदा यायचं तेच नाव होतं.

मग तयारी सुरू झाली. मांडववाल्याकडून गाद्या आल्या, त्यांना कुबट वास होता. मी आणि सासूबाईंनी त्या मागच्या अंगणात उन्हाच्या तिरिपेत उलट्या-सुलट्या केल्या. पाणी तापवायला दुसरा बंब आणला. बायकांसाठी टोकाच्या दोन खोल्या ठरल्या. कार्यक्रम गच्चीवरच्या शेडमध्ये. हे सगळं करताना मी कोणाला काही बोलले नाही. बोलून काय होणार होतं? ते वर येणार होते, मी खाली असणार होते.

मंडळी आली तेव्हा संततधार लागलेली. जिन्यावर ओल्या चपलांचा आवाज, पिशव्या घासल्याचा आवाज आणि ओळखी. मी दाराला कान लावून उभी होते. कोणी म्हणायचं, "मी अकोल्याचा." आणि दुसरा त्याचं नाव घ्यायचा, ओरडूनच. "तुम्ही ते? अहो, मला वाटलं तुम्ही म्हातारे असाल!" एकापाठोपाठ एक नावं येत होती, माझ्या पाठ असलेली. फक्त आता त्यांना आवाज होते. मनमाडच्या मुलींपैकी एक शिंकत होती. अकोल्याचे दुःखी गाणी मागणारे भाऊ सगळ्यांत जास्त हसत होते. मागे दूध उतू गेलं आणि सासूबाईंनी मला हाक मारली तेव्हा मी भानावर आले.

संध्याकाळी गच्चीवर कार्यक्रम सुरू झाला आणि अर्ध्या तासात बंद पडला. जव्हारचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. चाळीस ऐकणारी माणसं आणि ऐकू काहीच येत नव्हतं. मग सगळे जिन्यात उतरून बसले. सबंध इमारतीत तेवढीच जागा शांत होती. पायरीपायरीवर माणसं आणि सगळ्यांत खालची पायरी आमच्या दारापाशी. तेव्हापासून मेळावा जिन्यातच भरायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी निघायचं होतं. नवरा तहसील कचेरीत नोकरीला होता, सकाळीच तो तिथून निरोप घेऊन आला. मोखाड्याच्या पुढे घाटात दरड कोसळली होती. विक्रमगडच्या बाजूला मोरीवरून पाणी वाहत होतं. एसटी कुठल्याच बाजूने येणार नव्हती. वीज आदल्या संध्याकाळीच गेली होती.

त्या दिवशी मंडळींना मजा वाटली. "बरं झालं, मेळावा लांबला," असं कोणीतरी म्हणालं. त्याच्या पुढच्या दिवशी मजा कमी झाली. कोणाला ड्युटीवर हजर व्हायचं होतं, कोणाचं मूल घरी ठेवलेलं, कोणाची साखरेची गोळी संपत आलेली. टेलिफोन बंद. एक जण नाशिकच्या गृहस्थांवर ओरडला, "कोणी सांगितलं होतं पावसात इथे आणायला? तुरुंगात टाकलंय तुम्ही आम्हाला!" एक बाई रडायला लागल्या. पाऊस थांबत नव्हता, कपडे वाळत नव्हते, सगळ्या जिन्याला ओल्या कपड्यांचा आणि रॉकेलचा वास. कोणी उगीचच वर-खाली करत होतं, ओसरीपर्यंत जाऊन रस्ता बघून परत येत होतं.

मी दाराच्या आत भाकरी थापत ते ऐकत होते. दोन दिवसांत इतकी कावली ही माणसं, याचं मला नवल वाटलं. थोडा रागही आला. त्यांना ठाऊक होतं की पाऊस थांबेल, दरड उपसली जाईल आणि गाडी येईल.

खाण्याचा प्रश्न आला. गहू संपले. आमच्या जामसरच्या शेतावरचे तांदूळ होते आणि नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ होतं. सासूबाई आणि मी नागलीच्या भाकऱ्या, बांबूच्या कोंबांची भाजी आणि कुळथाचं पिठलं करत होतो. दोघींना चाळीस माणसांचं होत नव्हतं. गड्याने दार वाजवलं की मी कडी काढायची, पण उंबऱ्यावर ठेवायला पुरेसं काही तयार नसायचं.

अशाच एका वेळी दार वाजलं, मी कडी काढली, वळले, आणि मागून बाईचा आवाज आला, "येऊ का मी आत? दोन हात रिकामे आहेत माझे."

मी पाहिलं. साठीच्या आतबाहेर, ठेंगण्या, पदर खोचलेला, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. लॉजवरचा पहिला चेहरा. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या तव्यावर भाकरी टाकत होत्या. म्हणाल्या, "या. पाट घ्या."

त्या भुसावळच्या नर्सबाई. आता निवृत्त. एकट्या राहायच्या. नागलीची भाकरी त्यांना येत नव्हती. ज्वारीसारखी थापायला गेल्या तर चिरा पडल्या. मग त्या कोंब चिरायला बसल्या आणि बोलायला लागल्या. सासूबाईंशी बोलत होत्या, मी पीठ मळत होते.

"ताई, या तालुक्यात साखरशेत म्हणून गाव आहे ना?"

"हाय की," सासूबाई म्हणाल्या.

"तिथली एक पोरगी फर्माइशी पाठवायची. फार चांगली गाणी निवडायची. एकदम बंद झाली. एकही कार्ड नाही. आम्ही वाट पाहिली, वर्ष गेलं, दुसरं गेलं. शेवटी समजून गेलो." त्यांनी विळीवरचा हात थांबवला. "मनमाडच्या मेळाव्यात दरवर्षीसारखी गेलेल्या श्रोत्यांची नावं घेतली, त्यात तिचंही घेतलं. सगळे उभे राहिलो दोन मिनिटं. कोवळं वय हो तिचं. मनाला लागलं. इथे येताना वाटलं, तिच्या घरच्यांना भेटून जावं. पण या पावसात कसलं साखरशेत?"

परातीत माझे हात होते तसेच राहिले. हसू येत होतं की रडू, मलाच कळलं नाही. मनमाडला माणसं माझ्यासाठी उभी राहिली होती. त्या दिवशी मी काय करत असेन? चादरी पिळत असेन.

सासूबाईंनी भाकरी उलटली. मग तव्याकडेच बघत म्हणाल्या, "मेली नाय ती. लगीन झाला तिचा."

"तुम्ही ओळखता तिला?"

"वळखते."

त्यांनी पुढची भाकरी तव्यावर टाकली. सांगायचं की नाही, हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. मी म्हटलं, "मीच ती."

नर्सबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मग माझं माहेरचं नाव घेतलं, प्रश्न विचारल्यासारखं. त्या घरात ते नाव कोणी पहिल्यांदाच घेतलं होतं. मी मान डोलावली. त्या उठल्या आणि कोंबांच्या रसाने चिकट झालेले हात माझ्या गालांना लावून बघत राहिल्या, ताप बघावा तशा.

"अगं, आम्ही तुला पोचवलं की गं," त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसायला लागलो. सासूबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या.

त्या वर गेल्या आणि जिन्यात एकच गलका झाला. थोड्या वेळात नाशिकच्या गृहस्थांचा खर्जातला आवाज ओसरीवर ऐकू आला.

"साहेब, तुमच्या सूनबाई आमच्या जुन्या श्रोत्या आहेत. पाच मिनिटं वर आल्या तर सगळ्यांना भेटतील."

"माझी सून लॉजवर जात नाही," सासरे म्हणाले. "तुम्ही सज्जन माणसं आहात, तुमच्याबद्दल प्रश्न नाही. पण आज तुमच्यासाठी गेली, उद्या कोणासाठी? नियम आहे तो."

"मान्य आहे. मग आम्ही खाली येतो का?"

"घरात इतके परके पुरुष? नाही."

मला वाटलं, झालं. मी परातीकडे वळले. पण ते गृहस्थ जागचे हलले नव्हते.

"साहेब, मग असं करू. त्यांनी आत राहायचं. आम्ही आमच्या पायऱ्यांवर बसतो. दार बंद असू द्या. आम्ही रेडिओची माणसं. बोलणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे अशी आमची अट कधीच नसते."

नियमात हे कुठे बसतं ते सासरे शोधत असावेत. शेवटी म्हणाले, "दार बंद राहील?"

"कडी लावून."

"ठीक आहे."

त्या दुपारी सगळा मेळावा जिन्यात बसला. सासूबाईंनी चुलीतली लाकडं मागे ओढली, मला दारापाशी पाट मांडून दिला आणि स्वतः परत भाकऱ्या थापायला बसल्या. सासरे माजघरात येऊन खुर्चीवर बसले. पेपर उघडला, जुनाच, कारण नवा आलाच नव्हता.

पलीकडून एकेक जण बोलायला लागला. आपलं नाव सांगायचं, गाव सांगायचं, आणि मग काहीतरी. मनमाडचे गृहस्थ म्हणाले, "बेटा, तू मागितलेलं एक गाणं ऐकून माझ्या मोठीने ते शिकून घेतलं." अकोल्याचा धाकटा भाऊ म्हणाला, "आम्ही दोघं पैज लावायचो, या आठवड्यात साखरशेत येणार का." एक जण म्हणाला, "आम्ही उभे राहिलो होतो हो तुमच्यासाठी. ती दोन मिनिटं परत करा." सगळे हसले. दार पातळ फळ्यांचं होतं, हसण्याने माझ्या पाठीला थरथर जाणवत होती.

मग नाशिकचे म्हणाले, "आता तुम्ही बोला. कार्डावर लिहायचात तसं."

सासरे पेपरमागे होते. मी दाराकडे तोंड करून माहेरचं नाव घेतलं. "साखरशेत, तालुका जव्हार, जिल्हा ठाणे." आवाज फार बारीक निघाला. पलीकडून कोणी तरी म्हणालं, "जरा मोठ्याने, स्टेशन नीट लागत नाही." मी परत म्हटलं, मोठ्याने. पायऱ्यांवर टाळ्या वाजल्या.

"कोणतं गाणं ऐकू इच्छिता?" नाशिकच्यांनी निवेदकाच्या ढंगात विचारलं.

मी गाण्याचं नाव सांगितलं. मनमाडच्या थोरल्या मुलीने ते म्हटलं, सगळं, शेवटच्या कडव्यापर्यंत. रेडिओवर बऱ्याचदा शेवटचं कडवं कापतात. मी ते पहिल्यांदाच ऐकलं. भाकरी थापण्याचा आवाज तेवढ्यापुरता थांबला होता.

ते संपलं आणि मला खरं सांगायचं तर फार जड वाटलं. बोटभर जाडीच्या फळीपलीकडे ही सगळी माणसं होती. कडी माझ्या बाजूलाही होती. माझा हात तिच्यापर्यंत पोचत होता. मी ती काढली नाही. सासऱ्यांनी 'नको' म्हटलं असतं म्हणून नव्हे. काढून बाहेर पाऊल टाकलं असतं तर पुढचं पाऊल कुठे टाकायचं, हेच मला माहीत नव्हतं.

नवरा दोन दिवस दरडीच्या पंचनाम्यात अडकला होता. त्या संध्याकाळी तो भिजून आला. जेवायला बसला तेव्हा म्हणाला, "वरच्या लोकांनी मला गाठलं. विचारत होते, तुमची बायको घरात कुठलं गाणं गुणगुणते?"

"मग?"

"मला सांगता आलं नाही." तो भाकरी तोडत राहिला. "तू गुणगुणतेस का?"

"हो," मी म्हटलं. त्या दिवशी त्याने ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं.

घाट आणखी एका दिवसाने उघडला, तोही अर्धाच. जीपने दरडीपर्यंत जायचं, चिखलातून चालत पलीकडे जायचं आणि तिथून नाशिककडची गाडी धरायची. मंडळी इतक्या घाईने निघाली की वर टॉवेल, कंगवे, एका लेकराची चप्पल राहून गेली. आदल्या दुपारी माझ्यासाठी टाळ्या वाजवणारी माणसं "चला, चला, सुटलो एकदाचे" म्हणत खाली उतरत होती. त्यांचं चुकलं नव्हतं. मीही तेच म्हटलं असतं.

नर्सबाई तेवढ्या स्वयंपाकघरात आल्या. "कार्ड टाकत जा," म्हणाल्या.

"नाही जमणार, मावशी."

"मग मी टाकीन. तुझ्या नावाने टाकायला मला कोण अडवणार आहे?"

त्या गेल्यावर आम्ही ढीगभर चादरी धुवायला काढल्या. ऊन नव्हतं. स्वयंपाकघरात दोऱ्या बांधून वाळत घातल्या, त्यामुळे पुढचे कितीतरी दिवस आम्हाला वाकून, ओल्या कापडांखालून ये-जा करावी लागली.

दिवाळीच्या आधी एका सकाळी रेडिओवर भुसावळचं नाव आलं आणि त्याला जोडून साखरशेत. माझं जुनं नाव, निवेदकाच्या तोंडून, जसंच्या तसं चुकीच्या उच्चारात. सासरे चहा पीत बसले होते. त्यांच्या ते कानावर पडलं हे नक्की, कारण कप तोंडाशी थांबला. ते म्हणाले, "आवाज जरा कमी करा." बंद करा म्हणाले नाहीत.

त्यानंतर मधूनमधून नाव येत राहिलं. कधी भुसावळबरोबर, कधी अकोल्याबरोबर. मी मागे विहिरीवर असले तर सासूबाई दारात येऊन हाक मारायच्या, "आला गं, आला!" आणि मी पोहरा तसाच सोडून धावायची. काही वेळा त्याने बरं वाटायचं. काही वेळा वाटायचं, नाव फिरतंय साऱ्या मुलखात आणि मी इथेच, अंगणाच्या कुंपणात. अशा दिवशी कामात हात चालायचा नाही.

दोन वर्षांनी मेळावा अकोल्याला होता, दसऱ्याच्या सुमाराला. आमंत्रण आलं. नवरा म्हणाला, "जायचं तर जा, मी सोडायला येईन." सासरे काही म्हणणार तेवढ्यात मीच म्हटलं, "दसऱ्याची गर्दी आहे लॉजला, कसं जाणार?" तेव्हा मुलगी अंगावर पीत होती, हेही कारण होतंच. पण खरं म्हणजे मला भीती वाटली. तिथे दार नसणार होतं आणि मला सगळ्यांसमोर बसावं लागणार होतं. इतकी वर्षं आत राहिल्यावर माणसाला आत राहायची सवय लागते, ती कोणी लावली याने फरक पडत नाही.

पुढे सासूबाईंचे गुडघे गेले, तो गडीही थकला, आणि वर चहा द्यायला मला जावं लागलं. सासऱ्यांनी नियम मोडला असं कधी म्हटलं नाही. एके दिवशी फक्त म्हणाले, "पाच नंबरला दोन चहा." मी जिना चढले. पाच नंबरमधल्या माणसाने दार उघडलं, ट्रे घेतला आणि विचारलं, "गरम पाणी किती वाजता?" मी वेळ सांगितली. खाली येताना मी पायऱ्या मोजल्या. दुसऱ्या दिवसापासून मोजल्या नाहीत, आणि माझ्या कामात वरच्या आठ खोल्यांचं झाडणं वाढलं.

नर्सबाईंचं नाव पुढे येईनासं झालं. फर्माइशींचे ते कार्यक्रमही हळूहळू कमी झाले. सासरे गेले, मग सासूबाई. नवी हॉटेलं झाली, लॉजला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा आम्ही खोल्या महिन्याच्या भाड्याने दिल्या. आता तिथे मास्तर आणि ग्रामसेवक राहतात. भाडेकरू मुलं सालस आहेत. जाता-येता स्वयंपाकघरात डोकावतात, भाकरी मागून नेतात. मला काकू म्हणतात. माझं नाव काय, हे त्यांच्यापैकी एकाने एकदा विचारलं होतं. मी लग्नातलं सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि भाकरी घेऊन वर गेला.